यंत्रमागाच्या मोटरचा विद्युतप्रवाह नोंदवताना नमुना दर कसा ठरवावा : नवख्यांसाठी मार्गदर्शन

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आणि शहरातल्या जुन्या पेठांमध्ये टॉवेल आणि चादरी विणणारे जे कारखाने आहेत, त्यांच्यापैकी अनेकांनी वीजबिलाच्या चिंतेने अलीकडे डेटा लॉगर (विद्युतप्रवाह मोजून त्याची सतत नोंद ठेवणारे यंत्र) बसवायला सुरुवात केली आहे. मी अशाच एका कारखान्यात विजेच्या देखभालीचे काम पाहतो. लॉगर आणणे आणि जोडणे हा या कामाचा सोपा भाग आहे. खरी अडचण सेटिंगच्या पडद्यावर ‘सॅम्पल रेट’ आणि ‘इंटरव्हल’ असे दोन रकाने दिसतात तेव्हा सुरू होते. त्या दोन रकान्यांत चुकीचे आकडे भरल्यामुळे आमचे जवळजवळ तीन आठवडे वाया गेले. तसे तुमचे होऊ नये, म्हणून ही कृती क्रमाने लिहीत आहे.

१. दोन दरांतला फरक आधी पक्का करा

लॉगर विद्युतप्रवाहाकडे एका सेकंदात किती वेळा पाहतो, तो झाला नमुना दर. पाहिलेल्या नमुन्यांवरून हिशेब करून तो फाइलमध्ये किती वेळाने एक ओळ लिहितो, ते झाले नोंदीचे अंतर. ‘आमचा लॉगर एक सेकंदाचा आहे’ असे कोणी सांगितले, तर त्यातून फक्त दुसरी गोष्ट कळते. एक सेकंदाच्या त्या नोंदीमागे ६४०० नमुने असू शकतात किंवा एकच असू शकतो. फाइल उघडली की दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, पण पहिलीवर विश्वास ठेवता येतो आणि दुसरीवर ठेवता येत नाही.

आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, म्हणजे विद्युतप्रवाहाचे एक चक्र २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. त्या २० मिलिसेकंदांत प्रवाह शून्यातून वर जातो, परत शून्यावर येतो, उलट दिशेने तितकाच जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. म्हणून एकाच क्षणी घेतलेल्या नमुन्याला स्वतःचा काही अर्थ नसतो. अर्थ असतो तो पूर्ण चक्रातल्या अनेक नमुन्यांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून, तिचे वर्गमूळ घेतल्यावर जो आकडा येतो त्याला. यालाच आरएमएस मूल्य म्हणतात, आणि वायर व मोटरची गुंडाळी किती तापेल हे याच मूल्यावर ठरते.

२. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

कागदपत्रांत मोटरच्या नामपट्टीवरील सर्व आकडे, मागील बारा महिन्यांची वीजबिले, पॅनेलचा जोडणी आराखडा आणि कारखानदारांची लेखी परवानगी एवढे हाताशी असावे. पॅनेल उघडण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. ही औपचारिकता नाही, चालू पॅनेलमध्ये हात घालताना चुकीला माफी नसते.

साहित्यात लॉगर, प्रत्येक फेजसाठी एक क्लॅम्प सीटी (वायरीभोवती बसून तिच्यातल्या प्रवाहाच्या प्रमाणात लहान प्रवाह देणारा करंट ट्रान्सफॉर्मर), ट्रू आरएमएस लिहिलेला क्लॅम्प मीटर, पडताळणीसाठी १००० वॉटचा साधा हीटर, मागाचे पिक (आडव्या धाग्याची एकेक फेक) मोजण्यासाठी टॅकोमीटर किंवा स्टॉपवॉच आणि मायक्रो एसडी कार्ड लागेल. साधा, म्हणजे सरासरी मोजून तिला १.११ ने गुणणारा क्लॅम्प मीटर पडताळणीसाठी घेऊ नका. तो शुद्ध साइन तरंगावरच बरोबर दाखवतो. एलईडी दिवे, संगणक किंवा मोटरचा वेग बदलणारे इन्व्हर्टर ड्राइव्ह यांचा टोकदार प्रवाह तो कमी दाखवतो, आणि मग आपला लॉगरच चुकतो आहे असे वाटू लागते.

सीटीबद्दल एक इशारा इथेच देतो. ज्या सीटीच्या बाहेर विद्युतप्रवाह येतो, तिची दुय्यम बाजू उघडी असताना ती चालू वायरीवर चढवू नका. आधी तिच्यावर ठरलेला बर्डन रोधक (सीटीच्या प्रवाहाचे मोजता येण्याजोगे व्होल्टेज करणारा रोधक) जोडा आणि मगच क्लॅम्प लावा. उघड्या दुय्यम बाजूवर धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकते.

३. नेमका प्रश्न कागदावर लिहा

नमुना दर किती ठेवावा, याचे उत्तर लॉगरच्या माहितीपत्रकात मिळत नाही. ते आपल्याला काय शोधायचे आहे यावरून मिळते. आमच्या कामात चार प्रकारचे प्रश्न येतात.

पहिला प्रश्न असा की महिनाभरात कोणत्या विभागाने किती वीज घेतली. येथे भार बराच काळ स्थिर असतो, त्यामुळे चक्रामागे ३२ नमुने, म्हणजे सेकंदाला १६००, आणि एक मिनिटाची नोंद पुरेशी आहे. त्याहूनही कमी दराने दीर्घ काळाचे आरएमएस बरेचसे बरोबर येते. स्थिर भारावर वेगवेगळ्या चक्रांतले नमुने तरंगाच्या वेगवेगळ्या जागांवर पडत जातात आणि पुरेसे जमले की सरासरी जुळते, मात्र नमुन्यांचा ठेका ५० हर्ट्झशी जुळलेला नसावा लागतो.

दुसरा प्रश्न मोटर सुरू होतानाच्या प्रवाहाचा. डीओएल स्टार्टरवर, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर, सुरू होणारी मोटर पूर्ण भाराच्या साधारण सहा ते आठ पट प्रवाह घेते. तीन फेजच्या एक अश्वशक्तीच्या मोटरचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १.८ अँपिअर असतो. समजा, ती ०.३ सेकंद ११ अँपिअर घेऊन मग १.८ वर स्थिरावली. एक सेकंदाच्या नोंदीत साधी सरासरी लिहिली, तर ४.५६ अँपिअर दिसेल. पूर्ण सेकंदाचे आरएमएस लिहिले, तर ६.२ दिसेल. खरा ११ चा आकडा दोन्हींत कुठेच नाही. एक मिनिटाच्या सरासरीत तर मोटर सुरू झाली हेसुद्धा कळणार नाही. म्हणून या प्रश्नासाठी प्रत्येक चक्राचे आरएमएस स्वतंत्र काढले पाहिजे आणि प्रत्येक नोंदीत त्या काळातले सर्वांत मोठे चक्रमूल्य लिहिले पाहिजे.

तिसरा प्रश्न हार्मोनिकचा, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या तरंगात मिसळणाऱ्या त्याच्या पटीतल्या वारंवारतांचा. तीन फेजच्या सामान्य इन्व्हर्टर ड्राइव्हमुळे पाचवा, सातवा, अकरावा आणि तेरावा हार्मोनिक वाढतो, तर एकफेजी एलईडी दिवे आणि संगणकांमुळे तिसरा वाढतो. पन्नासाव्या हार्मोनिकपर्यंत पाहायचे असेल, तर २५०० हर्ट्झपर्यंत जावे लागते. नमुना दर शोधायच्या सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीपेक्षा जास्त असावा लागतो, म्हणजे येथे तो ५००० च्या वर हवा. सोयीचा आकडा ६४०० आहे, कारण त्यात एका चक्रात बरोबर १२८ नमुने बसतात.

चौथा प्रश्न मागाच्या यांत्रिक दोषाचा. आमची चूक याच प्रश्नात झाली, म्हणून त्याला पुढची स्वतंत्र पायरी दिली आहे.

४. मागाचा ठेका मोजा आणि आभासी लाटेपासून सावध राहा

माग एका ठेक्यावर चालतो. धोटा जातो, फणीचा ठोका बसतो, आणि प्रत्येक पिकाबरोबर मोटरवरचा भार थोडा वाढून पुन्हा कमी होतो. मिनिटाला १२० पिक असतील, तर हा चढउतार सेकंदाला दोनदा होतो.

आमच्या पहिल्या लॉगरची रचना अशी होती की तो दर सेकंदाला एकच चक्र, म्हणजे २० मिलिसेकंद, मोजायचा, त्याचे आरएमएस लिहायचा आणि उरलेले ९८० मिलिसेकंद काहीही न पाहता थांबायचा. साध्या विणीच्या एका मागावर तो लावला तेव्हा आलेखात दर पंधरा सेकंदांनी वरखाली होणारी अतिशय सुबक लाट दिसली. पंधरा सेकंदांनी येणारा भार म्हणजे एखादे सावकाश फिरणारे गियर अडखळत असणार, असा आम्ही निष्कर्ष काढला. जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, गुंडाळणीचा गियर खोलला, पट्टा बदलला, बेअरिंगही बदलली. लाट तशीच राहिली. तितके दिवस माग बंद राहिला आणि विणकराचा रोज बुडाला, याचे मला अजूनही वाईट वाटते.

शेवटी टॅकोमीटर लावून पिक मोजले, तर ते मिनिटाला १२४ होते. म्हणजे सेकंदाला २.०६७ चढउतार. लॉगर दर सेकंदाला एकदाच पाहत होता, त्यामुळे दोन पूर्ण चढउतार त्याच्या नजरेतून सुटत आणि उरलेले ०.०६७ तेवढे दिसत. १ भागिले ०.०६७ केले की बरोबर पंधरा सेकंद येतात. जी लाट आम्ही मागात शोधत होतो ती मागात नव्हतीच, आमच्या मोजण्याच्या पद्धतीने ती तयार केली होती. पिक नेमके १२० असते, तर लॉगरने प्रत्येक वेळी चढउताराची एकच जागा पाहिली असती आणि आलेख अगदी सपाट आला असता. तो धोका मला जास्त मोठा वाटतो, कारण सपाट आलेखावर कोणी संशय घेत नाही.

म्हणून तुम्ही असे करा. लॉगर मध्ये न थांबता, सलग, प्रत्येक चक्र मोजतो का, हे आधी तपासा. मोजत असेल, तर सेकंदाला ५० चक्रमूल्ये मिळतात आणि दोन हर्ट्झचा चढउतार त्यांत स्वच्छ दिसतो. त्यानंतर सरासरी काढायची असेल, तर ती पूर्ण पिकांच्या पटीतल्या कालखंडाची काढा. टेरी टॉवेलच्या मागावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. तीन पिकांच्या टेरी विणीत दोन पिक सैल बसतात आणि तिसऱ्याला फणी पूर्ण पुढे येऊन तिन्ही एकदम ठोकते, त्यामुळे भाराची पुनरावृत्ती दर पिकाला न होता दर तीन पिकांनी होते. १२४ पिकांच्या वेगाला ती साधारण १.४५ सेकंदांनी होईल. अशा मागावर एक सेकंदाच्या सरासऱ्या घेतल्या, तर काही सेकंदांत जड ठोका एकदाही येणार नाही, काहींत एकदा येईल आणि आलेख विनाकारण दातेरी दिसेल.

५. एका चक्रात किती नमुने पडतात ते काढा

सूत्र सोपे आहे : एका फेजच्या वाट्याला आलेला नमुना दर भागिले ५०. यातील ‘एका फेजच्या वाट्याला’ हे शब्द विसरू नका. स्वस्त लॉगरमध्ये संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारा एकच रूपांतरक आळीपाळीने सर्व वाहिन्या (चॅनेल) वाचतो. उदाहरणार्थ, घरगुती प्रकल्पांत लोकप्रिय असलेल्या एडीएस १११५ या १६ बिटच्या चिपचा कमाल दर सेकंदाला ८६० नमुने आहे. एकाच फेजसाठी तो चक्रामागे १७ नमुने देतो. तीन फेजसाठी वापरला, तर प्रत्येकीला जेमतेम २८६, म्हणजे चक्रामागे सहाही नमुने मिळत नाहीत.

कमी नमुन्यांचा पहिला फटका शिखरमूल्याला बसतो. साइन तरंगावर चक्रामागे १० नमुने असतील, तर शिखर जास्तीत जास्त ४.९ टक्क्यांनी कमी दिसू शकते. १७ असतील, तर १.७ टक्क्यांनी आणि ३२ असतील, तर सुमारे अर्ध्या टक्क्याने. चारच असतील, तर २९ टक्क्यांपर्यंत चूक होते.

दुसरा फटका बिघडलेल्या तरंगावर बसतो आणि तो ओळखणे जास्त अवघड असते. सेकंदाला २०० नमुने घेतले, तर शुद्ध साइन तरंगाचे आरएमएस अगदी बरोबर येते, त्यामुळे हीटरवर चाचणी घेणाऱ्याचे समाधान होते. पण त्याच दराला १५० हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक दुमडून (२०० वजा १५०) ५० हर्ट्झवर येऊन बसतो. तो मूळ तरंगाच्या ३० टक्के असेल, तर खरे आरएमएस मूळ तरंगाच्या १.०४४ पट असते, पण लॉगर ते ०.७ ते १.३ पटींच्या दरम्यान कुठेही दाखवू शकतो. पुरवठ्याची वारंवारता किंचित हलली की तो आकडाही हळूहळू सरकत राहतो, आणि आपण भार बदलतो आहे असे समजतो.

यावर उपाय म्हणून नमुने घेण्याआधी उच्च वारंवारता गाळणारी गाळणी लावतात. १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची साधी गाळणी सुमारे १५९० हर्ट्झपासून काम करू लागते. मात्र एकाच टप्प्याची अशी गाळणी ३२०० हर्ट्झवरही संकेताचा ४० टक्क्यांहून अधिक भाग पुढे जाऊ देते आणि ५५० हर्ट्झचा अकरावा हार्मोनिक पाच टक्क्यांहून अधिक घटवते. हार्मोनिक अचूक मोजायचे असतील, तर नमुना दर बराच वर ठेवून अधिक तीव्र गाळणी वापरावी लागते. एकदा दुमडलेला हार्मोनिक नंतर संगणकावर कोणत्याही हिशेबाने वेगळा काढता येत नाही.

६. मोजणीचा कालखंड पूर्ण चक्रांचा ठेवा

आरएमएस काढताना अर्धवट चक्र घेतले, तर तरंगाच्या कोणत्या टप्प्यावर सुरुवात झाली त्यावर उत्तर अवलंबून राहते. २५ मिलिसेकंदांचा, म्हणजे सव्वा चक्राचा, कालखंड घेतल्यास ही चूक ६.६ टक्क्यांपर्यंत जाते. सव्वादहा चक्रांना ती ०.८ टक्क्यापर्यंत खाली येते. वीजगुणवत्ता मोजणीच्या आयईसी ६१०००-४-३० या मानकात ५० हर्ट्झच्या पुरवठ्यासाठी १० चक्रांचा, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा, मूळ कालखंड ठरवलेला आहे. तोच तुम्हीही घ्या. शक्य असेल, तर व्होल्टेज शून्य ओलांडते त्या क्षणांवरून चक्रे मोजा, कारण आपल्या ग्रिडची वारंवारता दिवसभर नेमकी ५० वर राहत नाही.

७. शक्तिगुणक हवा असेल, तर व्होल्टेज आणि प्रवाह एकाच क्षणी वाचा

शक्तिगुणक म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली शक्ती भागिले व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार, आणि तो या दोन तरंगांत किती अंशांचे अंतर आहे त्यावर ठरतो. ५० हर्ट्झवर एक मिलिसेकंद म्हणजे १८ अंश. ८६० च्या दराने आधी व्होल्टेज आणि मग प्रवाह वाचला, तर दोहोंत १.१६ मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ २१ अंशांचा, फरक पडतो. हलक्या भारावरच्या मोटरचा खरा शक्तिगुणक ०.७ असेल, तर वाचण्याच्या क्रमानुसार तो ०.९ किंवा ०.४ दिसेल. ०.९ दिसला म्हणून शक्तिगुणक सुधारणारे कपॅसिटर बसवायचे राहून जातील. दोन्ही वाहिन्या एकाच वेळी वाचणारा लॉगर घ्या. तो नसेल, तर शक्तिगुणक मोजण्याचे काम या लॉगरकडून करून घेऊ नका.

८. दर वाढवण्याआधी सीटीचा आवाका तपासा

नमुना दर वाढवला की अचूकता आपोआप वाढते, हा समज मी अनेक चांगल्या तंत्रज्ञांकडेही पाहिला आहे. १०० अँपिअरची आणि ५० मिलिअँपिअर देणारी सीटी, ३३ ओहमचा बर्डन आणि १० बिटचा पाच व्होल्टचा आर्डुइनो (लहान प्रक्रियक बोर्ड) अशी जोडणी घेतली, तर एक पायरी, म्हणजे त्याला कळणारा सर्वांत लहान फरक, सुमारे ०.३ अँपिअरची होते. १.८ अँपिअरचा संपूर्ण तरंग, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, फक्त सतरा पायऱ्यांत मावतो. येथे दर दहापट केला, तरी मूळ तरंग भरडच राहतो. त्याऐवजी मोटरची वायर सीटीच्या पोटातून पाच वेळा फिरवून घ्या. सीटीला पाचपट प्रवाह दिसेल, पायऱ्या ८५ च्या आसपास होतील, आणि फाइलमधल्या आकड्याला पाचने भागले की खरा प्रवाह मिळेल. वायर फिरवण्यापूर्वी पुरवठा बंद करा, आणि सुरुवातीचा ११ अँपिअरचा प्रवाह पाचपट होऊन सीटीच्या आवाक्यात राहतो ना, हेही पाहा. येथे तो ५५ होतो, म्हणजे राहतो.

९. कार्डावर काय लिहायचे ते ठरवा

सर्व नमुने साठवावेत असा मोह होतो. तीन वाहिन्या, ६४०० चा दर आणि नमुन्याला दोन बाइट धरले, तर दिवसाला ३.३ जीबी होतात. त्याऐवजी सेकंदाला प्रत्येक फेजचे आरएमएस, सर्वांत लहान चक्रमूल्य आणि सर्वांत मोठे चक्रमूल्य असे नऊ आकडे आणि वेळ लिहिली, तर दिवसाला चार एमबीसुद्धा लागत नाहीत. माझ्या मते नव्याने सुरुवात करणाऱ्याने हेच करावे, आणि मोठे चक्रमूल्य ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तरच आगेमागे दोन सेकंदांचे कच्चे नमुने साठवावेत.

स्वतः लॉगर तयार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कार्डावर लिहिताना प्रक्रियक मधूनमधून काही मिलिसेकंद अडकून पडतो. त्या वेळात नमुने सुटतात आणि फाइलमध्ये त्याची खूण राहत नाही. नमुने हार्डवेअर टायमरवर घ्या, दोन साठवणजागा ठेवा, एक भरत असताना दुसरी कार्डावर लिहा, आणि प्रत्येक नोंदीसोबत त्या सेकंदात प्रत्यक्ष किती नमुने मिळाले हा आकडा लिहा. ६४०० ऐवजी ६१२० दिसले की दोष लगेच कळतो.

१०. एक दिवस वेगाने मोजा, मगच कायमचा दर ठरवा

आधी हीटरवर क्लॅम्प मीटर आणि लॉगर एकाच वेळी लावा. २३० व्होल्टला १००० वॉटचा हीटर सुमारे ४.३५ अँपिअर घेतो, पण जुळवून पाहायचा आकडा क्लॅम्प मीटरचाच, कारण व्होल्टेज बदलते. त्यानंतर हीच तुलना एलईडी दिव्यांच्या फेजवर करा. हीटरवर जुळले आणि दिव्यांवर जुळले नाही, तर दोष बहुधा नमुना दरात किंवा गाळणीत आहे.

मग एका मागावर एक पूर्ण पाळी लॉगरच्या सर्वांत मोठ्या दराने कच्चे नमुने घ्या. धागा तुटून माग थांबणे, पुन्हा सुरू होणे, जेवणाची सुट्टी, सगळे त्यात येऊ द्या. संगणकावर त्याच फाइलमधला प्रत्येक दुसरा, चौथा, आठवा नमुना घेऊन हिशेब पुन्हा करा. ज्या दरापाशी तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका टक्क्याहून जास्त बदलू लागेल, त्याच्या किमान दुप्पट दर कायमचा ठेवा. आमच्या साध्या मागांवर ऊर्जेसाठी १६०० पुरला, ड्राइव्ह बसवलेल्या मागांवर मात्र आम्ही ६४०० वरच राहिलो.

मेमध्ये सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर असताना बंद पॅनेलच्या आत लॉगर आणखी तापतो आणि त्याच्यावर रुईची धूळ बसते. त्यामुळे हीटरची पडताळणी हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा अशी दोनदा करा. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत नमुना दर, नोंदीचे अंतर, कालखंडातली चक्रे, सीटीचे गुणोत्तर, वायरीचे वेढे, मागाचे पिक आणि शेवटच्या पडताळणीची तारीख लिहा. सहा महिन्यांनी ती फाइल दुसरा कोणी उघडेल तेव्हा आकड्यांना पाचने भागायचे आहे, हे त्याला त्या ओळीशिवाय कळणार नाही.